डावं-उजवं

मुकादमबाईंना डावं-उजवं केलेलं खपत नसे. घरी चहा ओतताना त्या सगळे कप शेजारीशेजारी मांडत आणि खाली वाकून पातळी बघत. कामावर तर त्यांनी त्यासाठी चक्रच बनवलं होतं.

चक्र म्हणजे पुठ्ठ्याच्या दोन चकत्या, एक मोठी, एक लहान, मधोमध टाचणी. मोठीवर धुलाईखात्यातली पाच कामं लिहिलेली: छाननी, धुणं, रोलरची उजवी बाजू, रोलरची डावी बाजू, घडी. लहान चकतीवर पाच बायका. दर सोमवारी सकाळी सात वाजता बाई लहान चकती एक घर पुढे सरकवत, की झाली आठवड्याची वाटणी. इस्पितळाच्या तळघरात बारा वर्षं हे असंच चाललं होतं. कोणी कुरकुरलं की बाई भिंतीकडे बोट दाखवत. पुठ्ठ्याशी कोण भांडणार?

चक्र उगाच आलं नव्हतं. बाई नव्याने कामाला लागल्या तेव्हाच्या मुकादमीणबाईंना माणसांचे दोनच प्रकार ठाऊक होते, आपले आणि परके. आपल्या बायका घडीला बसत, परक्या रोलरला उभ्या राहत. बाई परक्या. सलग चौदा महिने त्या रोलरच्या वाफेत उभ्या होत्या. त्याचा एक गुळगुळीत डाग अजून उजव्या मनगटावर आहे. उद्या आपल्या हातात कारभार आला तर प्रत्येकीला प्रत्येक काम सारखं, हे त्यांनी त्या डागाच्या साक्षीने ठरवलं होतं, आणि कारभार हातात आला त्याच दिवशी कात्री मागवली.

बाकी खातं म्हणाल तर घरासारखंच, म्हणजे भांडकुदळ आणि चिवट. मावशी सगळ्यांत जुन्या, निवृत्तीला दोन वर्षं उरलेल्या. लंबू नावाप्रमाणे लंबू. थोरली आणि धाकटी सख्ख्या जावा. घरी सासूसमोर बोलता येत नसे, म्हणून दिवसाचं सगळं बोलणं कामावर उरकत. आणि डावरी, जिचं लिहिणं-जेवणं-भांडणं सगळंच डाव्या हाताने.

त्या शुक्रवारी अधीक्षक स्वतः जिना उतरून खाली आले. आवाज न चढवणारा माणूस, त्यामुळे भीती जास्त.

"बाई, गेल्या महिन्यात सव्वीसपैकी अठरा दिवस वॉर्डांना चादरी दोननंतर मिळाल्या," ते म्हणाले. "पेशंट उघड्या गादीवर बसून राहतात. अजून महिनाभर बघतो. नाहीच जमलं तर धुलाई बाहेरच्या कंपनीला देऊन हे खातं बंद करावं लागेल."

"आणि माझ्या बायका?"

"तुमच्यासाठी वर काहीतरी बघता येईल."

"माझं नाही विचारलं, साहेब. पाच जणींचं विचारलं."

अधीक्षकांनी रोलरकडे बघितलं. त्याच वेळी रोलरमध्ये एक चादर अडकली होती, लंबू आणि धुणं सोडून मदतीला आलेली डावरी दोन्ही टोकांनी ती ओढत होत्या, आणि मशीन गार होण्याची वाट बघत मावशी स्टुलावर टेकल्या होत्या. अधीक्षकांना उत्तर द्यावं लागलं नाही. ते आले तसे जिना चढून गेले.

रोलर म्हणजे चादरींना इस्त्री करणारं लांबलचक धूड. दोघींनी दोन टोकांना उभं राहायचं, ओल्या चादरीचे कोपरे ताणायचे आणि सरळ त्याच्या तोंडात द्यायचे. कोपरा जरा वाकडा गेला की चादर गुंडाळली जाते आणि दहा मिनिटांची माती होते. दिवसातून पाच-सहा वेळा अशी माती व्हायची. बाईंनी मशीनला दोष दिला, साबणाला दिला, लिफ्टला दिला. चक्राला दोष द्यावा हे त्यांच्या स्वप्नातही आलं नाही. स्वतःच्या मुलाला कोणी उनाड म्हणतं का?

रविवारी दुपारी घरात वेगळीच पंचाईत झाली. बाईंच्या सासऱ्यांचं, म्हणजे नानांचं, डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं. एका डोळ्याला पट्टी, दुसऱ्याला पुसट दिसायचं, आणि चार वाजता नातीशी फुटबॉलचा सामना ठरलेला.

हा सामना टीव्हीवरचा. नात शिकायला दूरच्या शहरात राहायची, जाताना गेमचा डबा आजोबांसाठी ठेवून गेली होती आणि तिकडून कॉम्प्युटरवर खेळायची. एरवी नाना टाइपरायटर दुरुस्त करणारे. टाइपरायटर संपले तशी त्यांची बोटं रिकामी पडली, आणि सत्तराव्या वर्षी ती एकदम फुटबॉलला लागली. ह्या गेममध्ये आपण पळायचं नसतं. नुसती माणसं निवडायची, कुठे कोणाला उभं करायचं ते सांगायचं, आणि मग हातावर हात ठेवून बघायचं. मध्येच कोणी दमलं तर बदलायचं.

"म्हणजे मुकादमकीच की," बाई म्हणाल्या.

"म्हणूनच म्हणतो, सूनबाई, आज तू बस. मी तोंडाने सांगतो, तू दाब."

"मला ह्यातलं काडीचं कळत नाही, नाना."

"मलाही कुठे कळतं? दर रविवारी हरतो. पण पोरगी वाट बघते."

पोरीचं नाव काढल्यावर बाईंनी मांडीवरची शिवण खाली ठेवली. नवरा ट्रक घेऊन चार दिवस बाहेर, लेक चार तासांच्या अंतरावर. रविवारचा चारचा हा एक तास सोडला तर त्या घरात तिसरा आवाज असा नसायचाच. फोन स्पीकरवर लावून बाईंनी तो कपाला टेकवून उभा केला.

"आज आई खेळणार?" फोनमधून लेक म्हणाली. "आजोबा, तुम्ही हरायला माणूस ठेवलात का?"

"बोल बोल," नाना म्हणाले. "घोडा मैदान जवळच आहे."

पडद्यावर अकरा जण मैदानात उभे होते आणि सात जण खाली एका ओळीत बसलेले. नानांनी सगळ्यांची बारशी आपल्या परीने केली होती. गोली होता कुलूप. मधोमध टक्कल पडलेला टकल्या, वय छत्तीस, नानांचा लाडका. डाव्या कडेने पळणारा बुटका चिमणी. सगळ्यांत पुढचा तो उंट.

"हे खालचे सात कोण?" बाईंनी विचारलं.

"राखीव."

"कधीपासून बसलेत?"

"पहिल्यापासून."

"पहिल्यापासून नुसते बसलेत?" बाईंचा आवाज बदलला. "आणि हा कुलूप? ह्याने कायम गोलातच उभं राहायचं? आणि हा उंट कायम पुढे, टाळ्या खायला?"

नानांनी काहीतरी उत्तर दिलं, पण तेवढ्यात डोळ्यात औषध घालायची वेळ झाली, ते मान मागे टाकून आडवे झाले आणि पाच मिनिटं डोळा उघडायचा नाही अशी डॉक्टरांची ताकीद होती. तेवढ्या पाच मिनिटांत बाईंनी न्याय करून टाकला. सातातले तीन आत घेतले, तीन विश्रांतीला पाठवले, आणि उरलेल्यांना चक्राच्या नियमाने एक एक घर पुढे सरकवलं. उजवीकडचा डावीकडे, डावीकडचा उजवीकडे, मधला मागे, मागचा मधे. शेवटी पुढची जागा कुलपाला मिळाली आणि गोलात उंट जाऊन उभा राहिला.

पहिला गोल चौथ्याच मिनिटाला बसला.

"कोणी खाल्ला?" डोळे मिटूनच नानांनी विचारलं. "कुलूप झोपलं का?"

"कुलूप पुढे आहे."

"पुढे म्हणजे? कशाला गेलंय?"

"आज त्याची पाळी आहे."

दुसरा बसला, तिसरा बसला. फोनमधून आधी हसू येत होतं, मग तेही थांबलं, कारण लेक आईचीच होती, कीव तिलाही लगेच यायची. सामना संपला तेव्हा नऊ-शून्य झालं होतं. नाना उठून बसले आणि त्यांनी एका डोळ्याने सुनेकडे बघितलं.

"मी हरतो," ते म्हणाले, "पण माणसासारखा हरतो."

"आई," लेक म्हणाली, "तू प्रत्येकाच्या खालचा आकडा बघितलास का?"

"कसला आकडा?"

"कुलपावर जा. तो गोलात असताना काय दिसतं?"

"अठ्ठ्याऐंशी."

"आता पुढे ने."

बाईंनी पुढे नेला. आकडा लाल झाला. "सोळा. हे काय, माणूस बदलला का?"

"माणूस तोच आहे, जागा बदलली. आणि तो चिमणी डावखुरा आहे. तू त्याला उजवीकडे दिलंस. मग प्रत्येक चेंडू घ्यायला त्याला आधी वळावं लागतं, आणि तो वळेपर्यंत माझी माणसं येऊन चेंडू घेऊन जातात. मी नाही हरवलं तुला, त्या वळण्याने हरवलं."

बाईंनी चिमणीला उजवीकडे ठेवून बघितला, मग डावीकडे. एकावन्न. चौऱ्याऐंशी. पुन्हा एकावन्न, पुन्हा चौऱ्याऐंशी. नाना म्हणाले, अगं बटण झिजेल. पण बाई मनाने तळघरात पोचल्या होत्या.

"हे आकडे लावतं कोण?" त्यांनी विचारलं.

"कोणीतरी बसून सामने बघत असेल, आई. शेकडो. बघितल्याशिवाय कसे लावणार?"

सोमवारी सात वाजता हाताला सवय होती म्हणून बाईंनी चकती सरकवली. लंबू घडीला गेली, डावरी रोलरच्या उजव्या टोकाला आली, डाव्याला मावशी. मग बाई दरवेळी करत तशा नोंदी करायला टेबलाशी गेल्या नाहीत. ट्रॉलीला टेकून उभ्या राहिल्या आणि बघत बसल्या.

उजव्या टोकाला उभी राहिलेली डावरी प्रत्येक चादरीला एक छोटीशी गिरकी घेत होती. कोपरा डाव्या हातात पकडायचा, मग हात हातावरून नेऊन उजवीकडे द्यायचा. एवढीशीच गिरकी. पण डाव्या टोकाच्या मावशी तोवर आपला कोपरा देऊन मोकळ्या झालेल्या असायच्या, आणि चादर तिरकी जायची. दहापैकी नऊ वेळा रोलर तिला माफ करायचा. दहाव्या वेळी गिळायचा. दुपारपर्यंत चारदा गिळली.

बारा वर्षं मी ह्यांच्याकडे बघितलंच नाही, बाईंना वाटलं. मी भिंतीकडे बघत होते.

त्या आठवड्यात त्यांनी एक वही केली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. वहीत प्रत्येकीच्या नावापुढे, लेकीच्या गेमसारखे आकडे: वेग, दम, नजर, पोच. शुक्रवारी ती वही घडीच्या टेबलावर राहिली आणि बाई लिफ्टवाल्याशी भांडायला वर गेल्या. परत येतात तो धाकटी स्टुलावर उभी राहून मोठ्याने वाचत होती.

"लंबू. पोच नव्वद. घडी पस्तीस."

"चला, पास तरी केलं," लंबू म्हणाली.

"थोरली. वेग सत्तर, तोंड नव्याण्णव."

"तुझं वाच ना."

"धाकटी. वेग सत्तर, तोंड अठ्ठ्याण्णव."

"एक मार्क गेला गं तुझा."

"थोरलेपणाचा मान आहे तो, घ्या," धाकटी म्हणाली आणि पुढे वाचायला गेली. "मावशी. दम चाळीस." मग तिची जीभ थांबली. पान संपलं होतं.

मावशी टॉवेलांच्या घड्या घालत होत्या. हातातली घडी त्यांनी पुरी केली, वरून हात फिरवला, ती थप्पीवर ठेवली.

"बारा वर्षं हिने डावं-उजवं केलं नाही," त्या कोणाकडेच न बघता म्हणाल्या, "म्हणून पाठ धरली तरी रोलरला उभी राहिले. म्हटलं, मला सूट नको, कोणालाच नको. आणि आता चाळीस."

"मावशी, पान उलटा," बाई म्हणाल्या. "पुढे लिहिलंय."

"ऐकलं तेवढं पुरे."

"ते गेममधलं आहे, नाना खेळतात त्यातलं. मी नुसतं बघत होते की..."

"म्हणजे आमचा गेम केलास."

चौदा महिने आपल्याला रोलरला उभी करणारी ती बाई त्यांना आठवली, आणि आपण नकळत तिच्याच खुर्चीत जाऊन बसलो की काय, असं वाटून मनगटावरचा डाग चुरचुरला. त्या म्हणाल्या, "रविवारी चार वाजता घरी या, पाचही जणी. काय आहे ते डोळ्यांनी बघा. मग मला काय बोलायचं ते बोला, मी ऐकेन."

रविवारी खोलीत पाऊल ठेवायला जागा नव्हती. दोन्ही जावा पलंगावर, लंबू दाराच्या चौकटीत, डावरी जमिनीवर अगदी टीव्हीसमोर. मावशी आल्या, पण खुर्चीच्या कडेवर बसल्या, म्हणजे केव्हाही उठता येईल. नानांची पट्टी निघाली होती आणि काळा चष्मा लावून ते एखाद्या बड्या क्लबच्या मालकासारखे दिसत होते.

"आज एवढा गोंगाट कसला?" फोनमधून लेकीने विचारलं.

"सल्लागार मंडळ," नाना म्हणाले.

आधी दहा मिनिटं सगळ्याजणी नुसत्या आकड्यांना हसत होत्या. मग डावरी गुडघ्यांवर पुढे सरकली. "हा चिमणी डावखुरा ना? मग ह्याला डावीकडेच ठेवा. उजवीकडे जीव जातो." तिने ते चिमणीबद्दलच म्हटलं होतं, पण थोरलीने धाकटीकडे बघितलं आणि दोघींची मिळून एकशे सत्त्याण्णव मार्कांची तोंडं जराशी बंद राहिली.

मावशी मात्र मधल्या टकल्याकडे बघत होत्या.

"ह्याच्याखालची पट्टी लाल का?"

"दम कमी आहे," नाना म्हणाले. "एक्केचाळीस. वय झालं त्याचं. पण त्याला मी बसवणार नाही. माझा जुना माणूस आहे. लोक काय म्हणतील?"

"कोण लोक? टीव्हीतले?"

"तो पहिल्या दिवसापासून आहे माझ्याकडे."

"म्हणून काय पळवून मारणार त्याला?" मावशी म्हणाल्या. त्यांचा आवाज जरा चढला. "जुना आहे ही काय शिक्षा आहे? आणि हे दुसरं काय लिहिलंय? पास चौऱ्याण्णव म्हणजे?"

"म्हणजे चेंडू ज्याला द्यायचा बरोबर त्यालाच देतो. मैदान पाठ आहे त्याला."

"मग अक्कल आहे त्याच्याकडे आणि तुम्ही त्याचे पाय वापरताय. त्याला आता बसवा. बाकीचे धावून धावून दमले की शेवटी आणा. तेव्हा त्याला पळायला लागणार नाही, नुसतं बघायला लागेल."

बाई हातातल्या कंट्रोलरकडे बघत राहिल्या. काही वेळा मुकादमाने तोंड उघडलं नाही तर काम चांगलं होतं, एवढं त्यांना कळत होतं. त्यांनी टकल्याला अलगद खाली आणला आणि नानांनी चष्म्याआड डोळे मिटून घेतले.

सत्तराव्या मिनिटापर्यंत लेक एक-शून्यने पुढे होती. दोन्हीकडचे दमले होते, सगळ्या पट्ट्या पिवळ्या. "आता," मावशी म्हणाल्या. टकल्या आत आला. आल्यावर काही पळाला नाही. मधोमध उभा राहिला, एकदा चेंडू घेतला, मागे दिला. पुन्हा घेतला आणि डाव्या कडेला असा लांब सोडला की चिमणीला वळावंच लागलं नाही, चेंडू येऊन पायातच पडला.

एक-एक झालं. लंबूचं डोकं चौकटीवर आपटलं. फोनमधून लेक म्हणाली, "आई, हे कोणी केलं?"

"मावशींनी," बाई म्हणाल्या.

शेवटच्या मिनिटाला लेकीने दुसरा घातला आणि सामना हरला तो हरलाच. पण नऊवरून दोनवर आलो, हे नानांनी तीनदा बोलून दाखवलं. चहा झाला, कपांची पातळी एकसारखी होती. निघताना मावशींनी चप्पल घालता घालता विचारलं, "ती वही कुठे आहे?"

बाईंनी वही पुढे केली. मावशींनी पान उलटलं. मागच्या पानावर 'नजर पंच्याण्णव' असं होतं, आणि खाली बारीक अक्षरात: फाटकी चादर नुसत्या हाताला कळते.

"दम चाळीस जास्त लिहिलास," मावशी म्हणाल्या. "पस्तीस कर. आणि उद्यापासून मी घडीला. पण शेवटच्या ट्रॉलीला रोलरवर मी असणार. तेव्हा सगळ्यांचे हात लटपटतात, माझे नाही."

सोमवारी बाईंनी चकती सरकवली नाही. टाचणी काढली, चक्र खुंटीवरून उतरवलं, आणि त्याच्या जागी भिंतीवर राहिलेल्या पांढऱ्या गोलाकडे न बघता प्रत्येकीला विचारलं, तुला कुठे उभं राहायचंय? धास्ती एकच होती. सगळ्याच घडीला बसते म्हणाल्या तर? पण तसं झालं नाही. लंबूला रोलरचं उजवं टोक हवं होतं, तिथे तिच्या हातांची पोच कामी यायची. थोरलीला धुणं हवं होतं. धाकटीला छाननी हवी होती, कारण ती धुण्याच्या शेजारी होती. राहिली डावरी.

"तू रोलरला डावीकडे," बाई म्हणाल्या आणि लगेच थबकल्या. "पण कायम वाफेत उभं राहायचं म्हणजे... मी राहिलेय. तू नको म्हणालीस तरी चालेल."

"मला रोलर आवडतो," डावरी म्हणाली. "फक्त उजवीकडून नाही आवडत."

"सहा वर्षांत बोलली नाहीस."

"बोलले असते तर तुम्ही चक्राकडे बोट दाखवलं असतं."

बाईंनी रोज अकरा वाजता दोघींना रोलरवरून पंधरा मिनिटं सुट्टी ठरवून दिली. त्या वेळात एका टोकाला धाकटी आणि दुसऱ्या टोकाला स्वतः बाई. मुकादमीण रोलरला उभी राहिलेली त्या तळघराने पहिल्यांदाच बघितली.

म्हणून सगळं लगेच साबणाच्या फेसासारखं पांढरंशुभ्र झालं असं नाही. मंगळवारी धुण्याच्या मशीनचा पट्टा तुटला आणि चादरी वर जायला अडीच वाजले. दोन्ही जावा शेजारीशेजारी आल्यामुळे गुरुवारी बोलण्याच्या नादात हिरव्या चादरी पांढऱ्यांत गेल्या आणि मुलांच्या वॉर्डाला फिकट पोपटी रंगाच्या चादरी मिळाल्या. मुलं खूश झाली म्हणे, पण बाईंनी धाकटीला दोन हात लांब बसवलं. रोलरने मात्र त्या आठवड्यात दोनदाच चादर गिळली. पुढच्या आठवड्यात एकदा. आणि रोज शेवटच्या ट्रॉलीच्या वेळी मावशी घडी बाजूला ठेवून, हात पुसून उठायच्या, लंबू बाजूला व्हायची, आणि ती ट्रॉली सरळ जायची.

महिनाअखेरीला अधीक्षक रजिस्टर घेऊन खाली आले.

"गेल्या चौदा दिवसांत अकरा वेळा वेळेवर," ते म्हणाले.

"बारा, साहेब. बुधवारी लिफ्ट बंद होती. चादरी पावणेदोनला दारात तयार होत्या. लिफ्टवाल्याला विचारा."

अधीक्षकांनी थोडा वेळ रोलरकडे बघितलं. एका टोकाला लंबू, एका टोकाला डावरी, मध्ये पांढरीशुभ्र चादर पाण्यासारखी आत जात होती, आणि दोघींपैकी कोणीही गिरकी घेत नव्हती. त्यांनी पेन काढून अकराचे बारा केले.

"तीन महिने अजून बघतो."

"सहा बघा."

"तीन."

"बरं, तीन." बाईंनी आवाज सपाट ठेवला. मागे धाकटीने थोरलीचा हात धरला होता, सासू समोर असल्यासारखा चोरून.

जाता जाता अधीक्षकांनी भिंतीवरच्या रिकाम्या गोलाकडे बोट केलं. "इथे काहीतरी असायचं."

"चक्र. आहे अजून. दर गुरुवारी शेवटचा तास लावतो. एखादीने दांडी मारली तर दुसरीला तिचं काम यायला नको?"

त्या रविवारी लेक जोरात होती. बाईंनी चिमणीला डावीकडे ठेवला होता, टकल्याला राखून ठेवून शेवटी आत आणला होता, सगळं रीतसर केलं होतं, तरी दोन-एकने मागे होत्या आणि एकच मिनिट उरलं होतं. नानांनी हात टेकले. तेवढ्यात कोपऱ्यातून चेंडू मारायची संधी मिळाली.

बाईंनी कुलपावर बोट नेलं आणि त्याला थेट पुढे पाठवला.

"आई," फोनमधून लेक म्हणाली, "तू परत गोलीला पुढे आणलास?"

"एक मिनिटासाठी. त्यालाही कळू दे, तिकडून मैदान कसं दिसतं."

"सूनबाई, मागे गोल उघडा आहे," नाना म्हणाले.

"असू दे."

कोपऱ्यावरून टकल्याने चेंडू उचलला. उंटाच्या डोक्यावरून गेला, चिमणीच्या तर फारच वरून, आणि गर्दीत सगळ्यांपेक्षा वीतभर उंच कुलूप उडालं. चेंडू डोक्याला लागला, वरच्या दांडीवर आदळला आणि बाहेर गेला. शिट्टी झाली.

"दांडी," नाना म्हणाले, आणि चष्मा काढून पुसू लागले.

"आजोबा, थोडक्यात वाचले मी," लेक म्हणाली. तिच्या आवाजात भीती होती, खरीखुरी, आणि बाईंना ती फार गोड लागली.

"दांडी मारली तर मारली," बाई म्हणाल्या आणि कप गोळा करायला उठल्या. "आमच्याकडे दांडी मारलेली दुसऱ्या दिवशी वेळेआधी येते. पुढच्या रविवारी चार वाजता, तयार राहा."